कॅनडाच्या हिवाळ्यात इतका जुना पिकअप ट्रक टिकतो तरी कसा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ओंटारिओत नव्याने राहायला आल्यावर फेब्रुवारीतल्या एका सकाळी किराणा दुकानाच्या वाहनतळावर आपल्याला एक जुना पिकअप ट्रक दिसला, त्याच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत ‘मर्क्युरी’ असे उठवलेले होते, आणि तशा थंडीतही तो सुरू होऊन निघून गेला. इतके हिवाळे काढून तो टिकला कसा, पूर्वीचे लोखंडच चांगले होते का, आणि आपणही असा एखादा घेऊन रोज वापरावा का, असे आपण विचारले आहे.

थंडी ट्रकला मारत नाही. त्याला मीठ मारते, आणि मिठाच्या जोडीला ऊब मिळाली तर ते काम फार लवकर उरकते. हे मी आमच्या मेहुण्यांना इतक्या वेळा सांगितले आहे की आता हा विषय निघाला की आमची सौ. चहा ठेवायला उठते. त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी आपण पाहिलेल्या ट्रकबद्दल, कारण तो उठसूट दिसणारा ट्रक नव्हे. मर्क्युरी या नावाचे पिकअप फक्त कॅनडात विकले गेले, १९४६ पासून १९६८ पर्यंत. मूळ गाडी फोर्डचीच होती. पण त्या काळी कॅनडातल्या अनेक लहान गावांत एकच विक्रेता असे, कुठे फोर्डचा तर कुठे लिंकन-मर्क्युरीचा, आणि या दुसऱ्या विक्रेत्याकडे शेतकऱ्याला विकायला पिकअप नसे. म्हणून फोर्डच्याच पिकअपच्या एफ-मालिकेला वेगळी नावे आणि वेगळा फाळका देऊन एम-मालिका निघाली. १९६५ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांच्यात मोटारींविषयीचा करार झाला, उत्पादकांना सीमेपलीकडे जकातीशिवाय गाड्या पाठवता येऊ लागल्या, आणि कॅनडापुरती वेगळी गाडी काढण्याचे कारण उरले नाही. म्हणजे आपल्याला दिसलेला ट्रक कितीही अलीकडचा धरला तरी १९६८ चा ठरतो. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यांना असा ट्रक दाखवला तर कोणीतरी फोर्डला गमतीने दुसरा फाळका लावला असावा असेच त्यांना वाटते.

पूर्वीचे लोखंड चांगले होते, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. त्या काळच्या बहुतेक पत्र्यांवर जस्ताचा थर नसे. दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेला पत्रा गाड्यांना सर्रास वापरला जाऊ लागला तो १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर. १९७० च्या दशकातल्या कित्येक गाड्यांना इकडे तीन-चार हिवाळ्यांतच आरपार भोके पडत. आज आपल्याला जो एक मर्क्युरी दिसतो, त्याच्याबरोबर बनलेले बाकीचे केव्हाच भंगारात वितळले आहेत, आणि उरलेल्या एकावरून सगळ्यांची गुणवत्ता ठरवता येत नाही. जुन्या बांधणीचा खरा फायदा एकच आहे आणि तो धातूचा नसून आकाराचा आहे. त्या ट्रकांच्या चॅसीच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या, लांब पट्ट्या तीन बाजूंनी लोखंड आणि एक बाजू उघडी अशा असत, त्यामुळे त्यांच्या आतल्या अंगापर्यंत पाण्याची नळी, ब्रश आणि डोळा हे तिन्ही पोहोचत. आजच्या अनेक चॅसी चारही बाजूंनी बंद असतात. आत गेलेला खारा चिखल तिथेच बसतो आणि बाहेरचा काळा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. जपानी गाडी गंजत नाही असे आपल्याला कोणी सांगितले, तर अमेरिकेत २०१६ मध्ये टोयोटाने टकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या गंजलेल्या चॅसींच्या दाव्यात केलेली तडजोड त्यांना दाखवावी: सुमारे १५ लाख गाड्या आणि ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा अंदाजित खर्च.

आता मिठाकडे येतो. मिठाचे पाणी फार तर उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते, आणि रस्त्यावर प्रत्यक्षात उणे दहा-बाराच्या खाली मिठाचा प्रभाव झपाट्याने घटतो. सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या पश्चिमेकडच्या प्रांतांत जानेवारीत पारा दिवसेंदिवस त्याच्या कितीतरी खाली असतो. तिथे मीठ टाकून फारसे काही साधत नाही, म्हणून वाळू आणि बारीक खडीवर भर असतो. बर्फ कोरडे राहते, गाडीच्या पोटाखाली चिकटते ते गोठलेलेच राहते, आणि गोठलेल्या अवस्थेत गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. उलट दक्षिण ओंटारिओ, मिशिगन आणि न्यूयॉर्क राज्याचा सरोवरांकडचा भाग इथला हिवाळा त्यामानाने सौम्य म्हणावा असा असतो. तापमान शून्याच्या वरखाली होत राहते, बर्फ दिवसा वितळते आणि रात्री गोठते, आणि प्रत्येक वेळी मिठाची गाडी फिरते. त्यामुळे जिथे नाकातले केस गोठतात तिथे जुने पिकअप अजून शेतावर राबताना दिसतात, आणि जिथे हिवाळा सोसवतो तिथे ते विरळ होत जातात. इकडच्या जाहिरातींत ‘पश्चिमेकडून आणलेला ट्रक’ असे लिहिले की किंमत चढते, ती याच कारणाने.

मी राहतो तो ह्युरॉन सरोवराच्या काठचा भाग आहे. जवळच्या गोडरिच या गावात १८६६ मध्ये खनिज तेलासाठी खोदताना तेलाऐवजी मीठ लागले, आणि आज तिथे सरोवराच्या तळाखाली सुमारे १,८०० फूट खोल जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. कॅनडाच्या रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ पडते. त्यात भर म्हणून साध्या मिठाबरोबर कॅल्शियम क्लोराइडचे द्रावणही कित्येक ठिकाणी फवारले जाते. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर पाणी शोषून ओले होते. कॅल्शियम क्लोराइडला त्यासाठी सुमारे ३० टक्के पुरतात, म्हणजे ते एकदा चॅसीला लागले की व्यवहारात कधी वाळतच नाही.

मला याचे नवल वाटले नाही, कारण मी वेंगुर्ल्याचा आहे. आमच्या वडिलांचा मासळी वाहणारा टेम्पो होता, आणि ज्याने मासळीच्या टेम्पोचा हौदा खालून पाहिला आहे त्याला मीठ काय करते हे शिकवावे लागत नाही. आमचा ड्रायव्हर खेप संपली की विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर स्प्रिंगच्या पाट्यांना आणि चॅसीला जळके ऑइल फासायचा. आमचे मेहुणे मात्र पुण्याच्या कोरड्या हवेत वाढले. गाडीला गंज म्हणजे रंग उडाल्यावर दिसणारी लाली, इतकीच त्यांची कल्पना. आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे गाडीला ऊन-वारा लागू न देणे.

मी शेतीची अवजारे दुरुस्त करणाऱ्या एका कार्यशाळेत काम करतो. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुटीला मेहुणे टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून आमच्याकडे आले होते, आणि येताना वाटेतच त्यांच्या पिकअपचे ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. शनिवारी दुपारी मालकांच्या परवानगीने मी ती गाडी कार्यशाळेत घेतली. त्याच वेळी आमचे एक जुने गिऱ्हाईक, ऐंशीच्या घरातले शेतकरी, ट्रॅक्टरचा फुटलेला हायड्रॉलिक पाइप बदलून घ्यायला आले होते, आणि ते आले होते १९६७ च्या मर्क्युरी एम-१०० मधून. रंग मूळचा हिरवा असावा, आता तो वाळलेल्या शेवाळाच्या जवळ गेला होता. पाइप तयार होईपर्यंत ट्रक लिफ्टवर घेऊन बघू का, असे मी त्यांना विचारले, आणि त्यांनी काही न बोलता किल्ली माझ्या हातात ठेवली.

खालून तो ट्रक ओळखू येत नव्हता. चॅसी, पाटे, मागचा अॅक्सल, पेट्रोलच्या नळ्या, सगळ्यांवर तेल आणि धूळ यांचा बोटभर जाड, काळा, चिकट थर होता. मी पाट्याच्या खुंटीजवळ नखाने तो थर खरवडला, तर खाली कारखान्याचा काळा रंग होता, आणि त्या रंगावर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी खडूने ओढलेली रेघ अजून पुसट दिसत होती. पान्याच्या मुठीने चॅसीवर ठिकठिकाणी वाजवले, तर सगळीकडे ठणठणीत आवाज आला. सर्व काही मूळचे होते असे नव्हे: केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे नवीन पत्रा जोडून घेतलेले होते, पायाखालच्या पत्र्याला ठिगळे होती, आणि ब्रेकचे पाइप तांबे-निकेलचे, म्हणजे केव्हातरी बदललेले होते. त्यांच्या वडिलांनी ट्रक नवा घेतला तेव्हापासूनचा नेम त्यांनी मला सांगितला. ऑक्टोबरात, पहिले मीठ पडण्याआधी, चॅसी धुऊन वाळवायची. मग लाकडे कापण्याच्या करवतीच्या साखळीला घालतात ते चिकट तेल पातळ करून सगळीकडे फवारायचे, दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके तारेने मोकळी करून तिथून आतही मारायचे. आणि लगेच शेताकडच्या खडीच्या रस्त्यावरून दोन-चार मैल धूळ उडवत जायचे, म्हणजे तेलावर धूळ बसून ते टिकते. ट्रक उभा राहतो तो फळ्यांच्या भिंतींच्या, वारा आरपार जाणाऱ्या शेडमध्ये. मीठ पडल्यावर रस्ते ओले असतील तर तो बाहेर निघत नाही. कडक थंडी पडून रस्ते कोरडे झाले की निघतो. आपण पाहिलेला ट्रक उणे तापमानात का दिसला, याचेही बहुधा हेच उत्तर आहे.

त्यानंतर लिफ्टवर मेहुण्यांची गाडी चढली. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या दाव्यातली ती नव्हे. ती त्या वेळी दहा वर्षांचीही नव्हती. विकत घेताना शोरूमवाल्यांनी बरेच पैसे घेऊन खालून रबरासारखा जाड लेप दिलेला होता, आणि शिवाय गंज रोखतो म्हणून सांगितलेली एक इलेक्ट्रॉनिक डबीही बॅटरीला जोडून दिली होती, जिचा हिरवा दिवा मोठ्या इमानाने लुकलुकत होता. लेप वरून अखंड दिसत होता, पण मागच्या अॅक्सलवर चॅसी जिथे वाकते तिथे तो फुगलेला होता. मी तिथे पान्याने वाजवले, तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा भद्द आवाज आला. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला तो मुठीपर्यंत आत गेला, आणि भोकातून लालसर, पापुद्र्यांचा ओला गाळ जमिनीवर पडला. ब्रेकचा पोलादी पाइपही त्याच वळणावर पाझरत होता. शेतकरी काका काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. मेहुणे म्हणाले, “तुमच्या गावाकडे मीठ जास्त टाकतात.” गाडी वर्षातून चार-सहा दिवस आमच्याकडे असते.

वादाचा मुद्दा त्यांचे गॅरेज हा आहे. मेहुण्यांचे गॅरेज गरम केलेले आहे. सकाळी काचेवरचे बर्फ खरवडावे लागत नाही याचा त्यांना फार अभिमान आहे, आणि मी गाडी बाहेर अंगणात ठेवतो याला ते कोकणी कंजूषपणा म्हणतात. आता रासायनिक क्रियांचा साधारण आडाखा असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की वेग सुमारे दुप्पट होतो. माझी गाडी संध्याकाळी उणे बारामध्ये उभी राहते, पोटाखालचा खारा बर्फाचा चिखल बराचसा गोठतो, आणि रात्रभर फारसे काही घडत नाही. त्यांची गाडी त्याच चिखलासह दहा अंशांच्या उबेत शिरते, चिखल वितळतो, खारे पाणी प्रत्येक सांध्यात झिरपते, बंद गॅरेजमधली हवा दमट होते, आणि गंजाला बारा तास निवांत मिळतात. सकाळी गाडी पुन्हा बाहेर जाऊन नवे मीठ घेऊन येते. गंजासाठी याहून सोयीची व्यवस्था ठरवूनही करता येणार नाही.

रबरी लेपाचेही तेच आहे. तो नव्या, कोरड्या, स्वच्छ धातूवर बसला तर काही वर्षे चांगले काम करतो; पण दगड लागून एक बारीक चीर पडली की पाणी आत जाते आणि बाहेर येत नाही, आणि वरून सगळे काळे कुळकुळीत दिसत असल्याने कोणी बघतही नाही. तेल किंवा लोकरीच्या चरबीपासून केलेले लॅनोलिनचे फवारे धुऊन जातात म्हणून दरवर्षी मारावे लागतात, आणि हीच त्यांची खरी शक्ती आहे, कारण दरवर्षी कोणीतरी गाडीखाली जाऊन बघतो. इलेक्ट्रॉनिक डबीबद्दल एवढेच सांगतो की विजेच्या प्रवाहाने गंज रोखण्याची पद्धत जहाजांना आणि जमिनीखालच्या नळांना उपयोगी पडते, कारण ती सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेली असतात. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा असते, आणि हवेतून ते मंडल पूर्ण होत नाही. त्या डबीचे पैसे मेहुण्यांनी कोणाच्या सल्ल्याने दिले हे मी इथे लिहीत नाही, पण तो सल्ला माझा नव्हता.

थंडीत ट्रक सुरू कसा झाला, याचे उत्तर फार सोपे आहे. बॉनेटखालून बाहेर लोंबणारी विजेची पिन आपण पाहिली असेल. ती इंजिनच्या पाण्याला रात्रभर ऊब देणाऱ्या हीटरची. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात असा हीटर तयार केला, आणि आज विनिपेग-सस्काटूनकडे वाहनतळांवर त्यासाठी विजेचे खांबच असतात. सोबत चांगली बॅटरी, पातळ इंजिन ऑइल आणि नीट लावलेला चोक असला की फोर्डचे ३०० घनइंची, सहा सिलिंडरचे एका ओळीतले इंजिन सहज उठते. ते १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत होते, त्यामुळे सुटे भागही मिळतात.

घ्यावा का, तर हौस असेल तर घ्यावा. पण जाहिरातीतले बाजूचे चकचकीत फोटो पाहून नव्हे. विक्रेत्याकडे जाताना पाना, विजेरी आणि जुने कपडे घेऊन जावे, गाडी लिफ्टवर चढवू देत नसेल तर चहाही न घेता परत यावे. मागच्या अॅक्सलवरचे चॅसीचे वळण, पाट्यांच्या खुंट्या, केबिन चॅसीवर जिथे टेकते ते आधार आणि ब्रेकचे पाइप एवढे वाजवून आणि चाचपून पाहावे. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो कशासाठी मारला हे विचारावे. पत्र्याला ठिगळ लावता येते. चॅसी गेली की ट्रक गेला. ओंटारिओत गाडी आपल्या नावावर करून रस्त्यावर आणण्यासाठी सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि ते ३६ दिवसच चालते, तेव्हा विक्रेता मागच्या वर्षीचे दाखवू लागला तर त्याला काही अर्थ नाही.

रोजच्या वापराबद्दल आपण विचारले होते. त्या ट्रकांना बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, एअरबॅग नसते, पट्टा फक्त कमरेचा असतो, आणि जोर मागच्या चाकांना असून मागची बाजू हलकी असल्यामुळे बर्फावर हौद्यात वाळूची पोती टाकूनच चालवावे लागतात. लहान मुले घेऊन मी तरी त्यात हिवाळ्यात बसणार नाही. ३० वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते, पण ती पाटी लावून रोज कामाला जाता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते: आमच्या ड्रायव्हरचा जळक्या ऑइलचा उपाय इकडे करू नये. त्यात जड धातू आणि आम्ल असते, ते ठिबकून जमिनीत आणि विहिरींत जाते, आणि ते जमिनीवर सांडणे इथे गुन्हा आहे. गरम गॅरेजही सरसकट वाईट नाही. गाडी आत घेण्यापूर्वी खालून धुतली आणि आतली हवा कोरडी ठेवली तर चालते. मेहुणे यातले काहीच करत नाहीत.

त्यांनी त्यानंतर नवा पिकअप घेतला आणि तोही त्याच गॅरेजमध्ये उभा आहे. गंजाविरुद्ध कंपनीची हमी असल्याने आता चिंता नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. बहुतेक हमीपत्रांत हे कलम आरपार भोक पडले तरच लागू होते, आणि तेही बॉडीच्या पत्र्याला, चॅसीला नव्हे. त्यांच्या हमीपत्रात नेमके काय लिहिले आहे ते वाचून कळवा असे मी त्यांना दिवाळीत सांगितले होते, आणि त्यांनी अजून काही कळवलेले नाही.